वालबुर्गाला कुणी विचारलं होतं का?

अमेरिकेत सबंध हिवाळा काढला आणि नायगारा पाहिला नाही, हे ऐकल्यावर कऱ्हाडातली माणसं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला आता पाठ झाली आहे. मग काय पाहिलंत, असा पुढचा प्रश्न येतो. मी सांगते, नन पाहिल्या. रस्ता संपतो तिथे, बर्फात, एका टेकाडावर राहणाऱ्या. यावर लोक विषय बदलतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं, म्हणजे ज्याला वाचायचं तो वाचेल.

मी जन्मभर मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, तेव्हा मंगल नावाच्या माझ्या जुन्या सहकारिणीला हाताशी घेऊन स्वतःचं लहानसं वसतिगृह काढलं. पाटणच्या, ढेबेवाडीच्या, कोयनेच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमधून नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुली तिथे राहतात. त्यामुळे जगात कुठेही गेले तरी माझी नजर आधी स्वयंपाकघराच्या मोरीकडे जाते आणि मग फाटकाच्या कडीकडे. देखावे नंतर.

ईडन प्रेरी

माझा थोरला भाऊ, दादा, इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला तो मिनेसोटातच मुरला. ईडन प्रेरी नावाच्या गावात त्याचं प्रशस्त घर आहे. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि त्या घरात तो एकटा उरला.

आमच्या घराची एक पद्धत होती. दादाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. त्याच पद्धतीने फार वर्षांपूर्वी त्याने माझ्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला होता. भावाबहिणींची रांग इतकी लांब असते की अर्ज टाकणारासुद्धा तो विसरून जातो. कार्ड येण्याआधी आपणच वर जाणार, असं मी धरून चालले होते. तर नंबर लागला. वहिनीला जाऊन थोडेच दिवस झाले होते, आणि फोनवर दादाचा आवाज ऐकून नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मुंबईच्या मुलाखतीला गेले, शिक्के घेतले आणि म्हटलं, जे काय सांगायचं ते समोरासमोर सांगू.

समोरासमोर गेले तर त्याने मला खोली दाखवली. माझे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावर. दक्षिणेला खिडकी, भिंतीत बसवून घेतलेलं देवघर, न्हाणीघरात हाताने धरायला दांडी. स्वयंपाकघरात माझ्या उंचीचा ओटा. इंडियन स्टोअरमधून आणलेलं नवं कोरं पोळपाट-लाटणं त्याने कागदसुद्धा न काढता ठेवलं होतं.

"मार्चमध्ये जा, तिकडची आवराआवर कर आणि कायमची ये," दादा म्हणाला. "मंगलला सांग, ज्या मुली आहेत त्यांना दुसरीकडे शिफ्ट कर. खूप केलंस लोकांचं."

मी म्हणाले, "बघू."

हे तो ऑक्टोबरात म्हणाला, दिवाळीत म्हणाला, संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवतानाही म्हणाला. मी दर वेळी बघूच म्हणत होते. फेब्रुवारी लागला तरी माझं बघणं काही संपेना. तिकडून मंगल विचारत होती, जूनच्या मुलींना हो म्हणायचं का? तिलाही मी बघू म्हणाले, आणि त्या दिवशी मात्र माझा मलाच राग आला. एका शब्दाने दोन्हीकडची माणसं टांगून ठेवली होती मी.

अशात केतकीने, म्हणजे दादाच्या मुलीने, ही सहल काढली. केतकी मिनियापोलिसला कॉलेजात मध्ययुगाचा इतिहास शिकवते. जन्म तिकडचाच, पण माझ्याशी हट्टाने मराठी बोलते आणि अडलं की इंग्रजीत उडी मारते. आठव्या शतकातल्या वालबुर्गा नावाच्या इंग्लिश ननवर तिचं काम चाललं आहे. या वालबुर्गाच्या नावाचा एक मठ पश्चिमेला, साउथ डकोटाच्या हद्दीजवळ आहे. तिथे पंचवीस फेब्रुवारीला तिचा सण असतो.

"आत्या, तू चल ना. दे रन अ होस्टेल, बेसिकली. तुला खूप आवडेल."

दादा लगेच म्हणाला, "फेब्रुवारीत तुम्ही दोघीच प्रेरीच्या उघड्या माळावर? मी येतो. तुम्हाला त्या रोडची आयडिया नाही."

मी बॅग भरली आणि भरता भरता मनाशी पक्कं केलं. परत येताना त्या गाडीत 'बघू' बसलेला नसेल.

पश्चिमेचा रस्ता

निघालो तेव्हा ऊन लख्ख होतं. मिनेसोटातलं हिवाळ्यातलं ऊन फसवं असतं. काचेतून आपल्या मार्गशीर्षातल्यासारखं दिसतं आणि दार उघडलं की नाकातले केस ताठ होतात. शहर मागे पडलं आणि पुढे नुसता सपाट पांढरा पसारा. आमच्याकडे कुठेही उभं राहा, पाठीशी आगाशिवचा डोंगर नाहीतर सदाशिवगड असतोच. इथे नजर अडायला काही नाही. मधूनच एखादं लाल कोठार, धान्य साठवायचे उंच गोल मनोरे, वारा अडवायला लावलेली झाडांची एखादी ओळ. सुरुवातीला मला भीती वाटली. पण मग त्या मोकळेपणात डोकं जरा स्वच्छ झाल्यासारखं वाटू लागलं.

दुपारी एका गॅस स्टेशनवर गाडी लावून आम्ही डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दशम्या दादाने केल्या होत्या. वहिनी गेल्यावर तो व्हिडिओ बघून शिकला. कडा जाड होत्या आणि एक बाजू करपलेली, पण मी मुकाट्याने दोन खाल्ल्या. मला फार वाईट वाटलं. करपलेल्या दशम्यांपेक्षाही, त्या त्याने ज्या काळजीने फॉइलमध्ये गुंडाळल्या होत्या त्याचं.

गाडी चालवता चालवता केतकी वालबुर्गाची गोष्ट सांगत होती. इंग्लंडातल्या मोठ्या घराण्यातली मुलगी. ती लहान असतानाच वडील आणि दोघे भाऊ, विलिबाल्ड आणि विनिबाल्ड, रोमच्या यात्रेला निघाले आणि हिला ननांच्या मठात ठेवून गेले. वडील वाटेतच वारले. भाऊ तिकडेच राहिले. मठात वालबुर्गा वाढली, लॅटिन शिकली, औषधपाणी शिकली. अशी कितीतरी वर्षं गेली. मग जर्मनीतून मामाचा निरोप आला. मामा तिकडे धर्मप्रसार करणारा मोठा बिशप होता, त्याला कामाला शिकलेल्या बायका हव्या होत्या.

"मामाच होता का, ते शुअर नाही," केतकी म्हणाली. "पण लिजेंडमध्ये मामा आहे."

निघाली तर समुद्रात वादळ. खलाशी घाबरले, ही डेकवर गुडघे टेकून बसली आणि समुद्र शांत झाला. पुढे जर्मनीत हाइडनहाइम नावाच्या जागी विनिबाल्डने मठ बांधला होता. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. तो वारला, आणि सगळा कारभार वालबुर्गाकडे आला. पुरुषांचासुद्धा.

"बघ," दादा पुढच्या सीटवरून म्हणाला, "भावाने बोलावलं, बहीण गेली. तेराशे वर्षांपूर्वी. विमान नव्हतं, काही नव्हतं."

रोख माझ्यावर होता हे कळायला इतिहास शिकायची गरज नव्हती.

"केतकी," मी विचारलं, "तिला कुणी विचारलं होतं का? यायचंय का म्हणून?"

केतकीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "दॅट्स द थिंग, आत्या. कुणी लिहिलंच नाही. तिचा स्वतःचा एक वर्डसुद्धा राहिला नाही. सगळं दुसऱ्यांनी लिहिलंय, ती गेल्यावर, फार उशिरा."

मठाला जाणारा फाटा आला तेव्हा ऊन गेलं होतं आणि वाऱ्याने रस्त्यावर बर्फाचा भुगा सरपटत होता. दादाने तिथे हट्ट धरला. आतल्या रस्त्याला बर्फ काढणारा प्लाउ फिरलेला नसतो, आता मी ड्राइव्ह करतो. केतकी बापाला ओळखून आहे, तिने चावी दिली. पहिलं वळण दादाने झोकात घेतलं. दुसऱ्या वळणाला गाडीने त्याचं ऐकायचं सोडलं, आणि आम्ही तिघं अगदी सावकाश, कुणी पाटावरून ढकलावं तसे, कडेच्या चरात जाऊन बसलो. लागलं कुणालाच नाही.

"ब्लॅक आइस," दादा म्हणाला, म्हणजे रस्त्यावर गोठलेला, डोळ्याला न दिसणारा बर्फ. "कुणीही गेलं असतं."

केतकीने मठात फोन केला. थोड्या वेळाने टेकाडावरून एक ट्रॅक्टर आला. चालवणारी बाई साठीच्या पुढची, डोक्याला ननचं काळं वस्त्र, त्यावर कानटोपी, अंगात जाडजूड कोट आणि पायात गमबूट. उतरली, चराकडे पाहिलं, साखळी काढून गाडीला अडकवली आणि आम्हाला बाहेर ओढलं. मग हातमोजा काढून दादाशी हात मिळवत म्हणाली, "मी सिस्टर ॲग्नेस. दर वर्षी सणाला एकजण तरी या चरात जातो. या वर्षी तुमचा नंबर." दादाने केतकीला चावी परत दिली.

मठ

मठ म्हणजे दगडी चर्च, त्याला चिकटून दुमजली लांब इमारत, गोठा, कोंबड्यांची खुराडी आणि पाहुण्यांचं वेगळं घर. मोरी पाहिली. कोरडी, लख्ख. जिन्यात दिवा होता, चपलांच्या जागी बुटांची रांग होती आणि प्रत्येक जोडीखाली ट्रे, वितळलेला बर्फ जमिनीवर येऊ नये म्हणून. ज्या बाईने ते ट्रे ठेवले तिला मी तिथेच मनोमन दाद दिली. इतक्या वर्षांत मला मुलींच्या पावसाळी चपलांचं कोडं सुटलेलं नव्हतं.

जेवण मौनात होतं. शंभरेक मुलींच्या मेसमध्ये "हळू बोला" म्हणून ओरडण्यात ज्या बाईचा घसा गेला, तिला हे मौन म्हणजे परक्या देशातलं खरं परकेपण. सगळ्या जणी लांब टेबलाशी बसलेल्या, आणि एका उंच जागी एकजण वालबुर्गाची कथा वाचत होती. सणाचं जेवण म्हणून डुकराचं भाजलेलं मांस होतं, पण आम्ही मांस खात नाही हे केतकीने आधी कळवलं होतं, म्हणून आम्हाला बटाट्याचे उकडलेले गोळे, आंबवलेला कोबी आणि शहाजिऱ्याच्या खमंग वासाचा पाव. कोबी आपल्या लोणच्याचा दूरचा भाऊ निघाला.

त्या पंगतीची एक रीत होती. स्वतःसाठी काही मागायचं नाही. शेजारणीच्या ताटाकडे लक्ष ठेवायचं, तिला काय हवं ते आपण ओळखायचं आणि पुढे करायचं. दादाला हे माहीत नव्हतं. तो मिठासाठी इकडेतिकडे बघत होता आणि तोंड उघडणार एवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या ननने मीठ त्याच्या हाताशी सरकवलं. मग पाणी. मग लोणी. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वहिनी गेल्यापासून त्याच्या ताटाकडे असं कुणी पाहिलं नसेल. मीसुद्धा नाही, कारण मी ते सगळे महिने स्वतःच्या उत्तराच्या काळजीत होते.

वाचणारी नन एका प्रसंगावर आली. एका संध्याकाळी वालबुर्गा चर्चमध्ये प्रार्थनेला थांबली. अंधार पडला. दिवे सांभाळणाऱ्या भिक्षूला तिने वाट दाखवायला दिवा मागितला, त्याने साफ नाकारलं. मठाची प्रमुख ती, आणि हा तिला दिवा देईना. ती काही न बोलता अंधारात गेली, आणि बायकांच्या निजायच्या दालनात असा उजेड पडला की सगळ्या जणी उठून बसल्या. त्या उजेडासाठी तिने देवाचे आभार मानले. मी तिच्या जागी असते तर आधी त्या भिक्षूला बोलावून घेतलं असतं आणि आभार नंतर मानले असते.

जेवणानंतर सिस्टर ॲग्नेसने एक इवलीशी कुपी दाखवली. जर्मनीत वालबुर्गाच्या अस्थी ठेवल्या आहेत, त्या दगडातून थंडीच्या दिवसांत थेंब गळतात आणि तिच्या सणाच्या सुमाराला थांबतात. कुपीत तेच होतं. त्याला तेल म्हणतात, पण असतं पाण्यासारखं. आजाऱ्याला लावतात. आपल्याकडचा अंगारा आठवला.

दादा इंजिनिअर. "कंडेन्सेशन," तो म्हणाला.

"असेलही," सिस्टर म्हणाली. "ते नेमकं तिच्याच पायाशी का होतं, एवढं मला सांगा, म्हणजे झालं."

दादाने कुपी हातात धरून बराच वेळ पाहिली आणि जपून परत दिली.

वादळ

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, पण सकाळी खिडकीबाहेर गोठाही दिसेना. वारा सगळा बर्फ आडवा वाहून नेत होता. रस्ते बंद झाल्याचं रेडिओवर सांगत होते. दादा पाहुण्यांच्या घरात हवामानाचा नकाशा बघत बसला, केतकी ग्रंथालयात गेली. मला नुसतं बसता येत नाही. मी सरळ स्वयंपाकघरात गेले, बटाट्यांची टोपली दिसली, सोलायला घेतली. सिस्टर ॲग्नेसने न विचारता मला दुसरी, धारदार सुरी दिली.

माझं इंग्रजी कामापुरतं, पण बटाटे सोलताना तेवढं पुरतं.

"घरी तुमची वाट कोण बघतंय?" तिने विचारलं.

"मुली," मी म्हणाले आणि वसतिगृहाचं सांगितलं.

"मग तुम्ही इथे काय करताय?"

इतका सरळ प्रश्न मला त्या पाच महिन्यांत कुणी विचारला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. कार्ड, खोली, ओटा.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणाले."

"म्हणजे हो?"

"आमच्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच होतो. ऐकणाऱ्याने तो ओळखायचा."

तिने हातातला बटाटा खाली ठेवला. मग म्हणाली, काल जेवताना तुम्ही आमची रीत पाहिलीत, मीठ न मागता मिळतं. पण ती फक्त मिठाला. इथे राहायला एखादी बाई आली तर आम्ही तिला काय हवं ते ओळखायला जात नाही. दारातच विचारतो, काय मागायला आलीस? मग काही महिन्यांनी इथले सगळे नियम तिला वाचून दाखवतो आणि परत विचारतो. जमत असेल तर राहा, नसेल तर मोकळ्या मनाने जा. असं वर्षभर. शेवटी तिने जन्मभर याच घरात राहायची शपथ घ्यायची, दुसऱ्या मठातसुद्धा जायचं नाही. एवढी मोठी गोष्ट आपण तिच्या तोंडावरून ओळखली, असं कसं म्हणायचं?

"याच घरात, मरेपर्यंत?"

"याच. मीही एकदा पळून जायला निघाले होते, त्या चरापर्यंत जाऊन परत आले. पण ते माझं मीच ठरवलं."

मी म्हणाले, "वालबुर्गा तर समुद्र ओलांडून गेली."

"गेली. आणि तिला काय वाटलं ते आम्हाला माहीत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं." तिने पुन्हा सुरी उचलली. "एकदा मात्र ती बोलली. मेल्यावर."

ती गोष्ट मला सगळ्यांत आवडली. वालबुर्गा गेली, तिला पुरलं, आणि काळाच्या ओघात लोक तिची कबर विसरले. चर्च दुरुस्त करायला गवंडी आले, ते तिच्या कबरीवरून बिनदिक्कत ये-जा करू लागले. तेव्हा ती तिथल्या बिशपच्या स्वप्नात आली आणि त्याला चांगलं सुनावलं. दुसऱ्या दिवशी नव्या बांधकामाची उत्तरेची भिंत कोसळली. मग बिशपने घाईघाईने तिच्या अस्थी मानाने दुसऱ्या गावी नेल्या.

"पुन्हा हलवलं तिला," मी म्हणाले.

"पुन्हा," सिस्टर म्हणाली, आणि आम्ही दोघी बटाट्यांवर वाकून हसलो.

हसून झाल्यावर मी पुढचा बटाटा उचलला. ही बाई मरेपर्यंत गप्प राहिली आणि भिंत पाडल्यावर लोकांचं तिच्याकडे लक्ष गेलं. मी तर जिवंत होते, तोंड होतं, आणि माझा भाऊ भिंतीपलीकडे नकाशा बघत बसलेला होता. त्याच्यावर काय म्हणून राग धरायचा? त्याने विचारलं नाही हे खरं, पण मीही सांगितलं नव्हतं. मंगलला त्याच दुपारी मी निरोप पाठवला, जूनच्या मुलींना हो सांग.

वादळ दिवेलागणीला थांबलं. सकाळी सगळं निळंशार आणि स्तब्ध. गाडी निम्मी बर्फात गेली होती. दादा फावडं घेऊन बाहेर पडला तशी मीही दुसरं फावडं घेतलं. त्याने नको म्हणायला तोंड उघडलं, पण माझा चेहरा बघून तो बाजूला सरकला.

एका चाकापुरती जागा मोकळी झाल्यावर मी म्हणाले, "दादा, मी राहणार नाही. मार्चमध्ये जाईन ती तिकडेच राहीन. कार्ड परत करणार आहे."

तो फावडं मारत राहिला.

"तुझ्यासाठी खोली केली मी, शैला," तो शेवटी म्हणाला.

"फार चांगली केलीस. इतकी चांगली खोली मला आयुष्यात कुणी दिली नाही. पण तू मला विचारलं असतंस तर..."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फावडं बर्फात रोवून त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. त्याचा श्वास वाफ होऊन वर जात होता. "माहीत होतं मला. तुझं बघू मला कळत नाही होय? म्हणून तर विचारलं नाही. म्हटलं, एकदा इथे आली, खोली बघितली, की..."

मला रडू आलं. त्या थंडीत डोळ्यांतून पाणी आलं की पापण्या चिकटतात, तशा चिकटल्या. इतके महिने मला वाटत होतं की दादाला माझं मन कळलं नाही. त्याला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं आणि तरी तो मार्चची वाट बघत मला कायमची ये म्हणत राहिला होता, कारण त्याला एकटं राहायचं नव्हतं.

"नाहीच म्हणाले असते," मी म्हणाले. "आत्ताही तेच म्हणतेय. माझं घर तिकडे आहे, दादा. मी ते एकदाच ठरवलं आणि ते ठरलेलं आहे."

"मग मी काय करू त्या घरात?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं मला वाटलं नाही. मी म्हणाले, "तू येशील का कऱ्हाडला? माझ्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे. विचारतेय हं, ठरवलेलं नाही."

त्याने रोवलेलं फावडं उपसून काढलं. मग म्हणाला, "नाही. हिला इथे सोडून नाही येणार मी." हिला म्हणजे वहिनीला. तिची रक्षा त्याने घरामागच्या मॅपलच्या झाडाखाली पुरली आहे. "आणि केतकी आहे."

"बरं," मी म्हणाले. आम्ही दुसरं चाक काढायला घेतलं.

पुन्हा ईडन प्रेरी

परतीच्या वाटेवर केतकीनेच गाडी चालवली. दादा मागे माझ्याशेजारी बसला आणि बऱ्याच वेळाने त्याने मला वसतिगृहाबद्दल विचारायला सुरुवात केली. मुली किती वाजता उठतात, पाण्याची टाकी केवढी, भिंतींना ओल येते का. त्याने हे याआधी कधीच विचारलं नव्हतं. टाकीच्या पाइपमध्ये काय चुकलं आहे ते त्याने मला कागदी रुमालावर काढून दाखवलं. केतकी म्हणाली, "बाबा, यू आर कन्सल्टिंग नाऊ." तो हसला.

कार्ड परत करायला एक अर्ज असतो. तो भरताना माझी घाई चालली होती. मी म्हणाले, आण इकडे, मी लिहिते. दादा म्हणाला, नाही, तो अर्ज मीच टाकला होता, हाही मीच भरतो. नवं पोळपाट एव्हाना केतकीने स्वतःसाठी उचललं होतं आणि ती स्वयंपाकघरात त्यावर वेड्यावाकड्या पोळ्या लाटत होती. आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. दादाने चष्मा लावला.

"नाव?"

"दादा, माझं नाव तुला माहीत नाही?"

"विचारतोय," तो म्हणाला.

मी नाव सांगितलं. त्याने जन्मगाव विचारलं, मी सांगितलं, जणू तो तिथे जन्मलाच नव्हता. आईचं नाव विचारलं.

"नंतर यायचं म्हटलंस तर पुन्हा व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागेल, शैला."

"राहीन."

मग तो शेवटच्या प्रश्नाशी आला. इंग्रजीत वाचला, आणि मग मान वर करून मराठीत विचारला. "तू हे स्वतःच्या इच्छेने करतेयस का? कुणाच्या दबावाने नाही ना?"

त्याने पेन कागदावर टेकवलेलं नव्हतं. तो खरोखर थांबला होता. सत्तरी ओलांडलेला माझा भाऊ माझ्या उत्तराची वाट बघत होता, आणि ते काहीही असलं तरी लिहून घ्यायची त्याची तयारी होती.

"हो," मी म्हणाले. "माझ्या इच्छेने."

त्याने ते लिहिलं.